सापाचे बुजरे पिल्लू एकदा खाते, मग नाकारते: कारण कसे शोधावे

सापाचे लहान पिल्लू घरी आल्यावर एकदा व्यवस्थित खाते, पुढच्या दोन खेपांना भक्ष्य पाहून मान मागे घेते, मग एखाद्या रात्री पेटीत ठेवलेले भक्ष्य गुपचूप संपवते आणि पुन्हा दोन-तीन आठवडे कशालाच तोंड लावत नाही, ही अडचण नव्या सर्पपालकांना वारंवार येते. मुळीच न खाणाऱ्या पिल्लापेक्षा असे अधूनमधून खाणारे पिल्लू पालकाला जास्त गोंधळात टाकते. पालकाने प्रत्येक खेपेला काहीतरी वेगळे करून पाहिलेले असते आणि ज्या खेपेला पिल्लाने खाल्ले त्या वेळचा बदलच लागू पडला, असा त्याचा समज होतो. तोच बदल पुढच्या आठवड्यात निष्फळ ठरला की तो आणखी एक नवा बदल करतो आणि पिल्लाच्या वाट्याला सतत हलणारी, बदलणारी जागा येते.

माझे मत असे आहे की निरोगी पिल्लाच्या बाबतीत बहुतेक वेळा भूक असतेच, परंतु भीती तिच्यावर मात करते. पक्षी, लहान सस्तन प्राणी आणि दुसरे सापही सापाची पिल्ले खातात. तोंडात भक्ष्य धरलेल्या पिल्लाला ना चटकन पळता येते, ना चावता येते, म्हणून आजूबाजूला आडोसा असल्याची खात्री पटेपर्यंत ते खाण्याचा धोका पत्करत नाही. त्यामुळे ‘याला दुसरे काय देऊन पाहू?’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘याला इथे खाण्यापासून काय अडवत आहे?’ हा प्रश्न आधी विचारावा. पुढचे सर्व विवेचन त्याच क्रमाने केले आहे आणि वासाच्या युक्त्या मुद्दाम शेवटी ठेवल्या आहेत.

हे लेखन बॉल पायथन, कॉर्न स्नेक, किंग स्नेक आणि वेस्टर्न हॉगनोज अशा, बंदिवासात जन्मलेल्या आणि उंदीरवर्गीय भक्ष्यावर वाढवल्या जाणाऱ्या पिल्लांपुरते आहे. रानातून पकडलेले पिल्लू परजीवी आणि ताण सोबत घेऊन येते, त्याला पाळणे अनेक ठिकाणी कायद्याने गुन्हा आहे आणि ते कुठेही करू नये.

हा खरोखर नकार आहे का?

अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू पोटात उरलेल्या बलकावर काही दिवस काढते आणि साधारण ७ ते १० दिवसांनी पहिली कात टाकते. त्यापूर्वी बहुतेक पिल्ले खात नाहीत, त्यामुळे त्या काळातील उपास हा नकार मानू नये. पिल्लू घेतानाच त्याने आधीच्या पालकाकडे सलग किती वेळा खाल्ले, काय खाल्ले, ते भक्ष्य जिवंत होते की गोठवून वितळवलेले, दिवसा दिले होते की रात्री, आणि पिल्लू कशा प्रकारच्या पेटीत राहत होते, हे सविस्तर विचारून लिहून घ्यावे. ही पाच उत्तरे हाताशी असतील तर पुढचे निम्मे काम वाचते. सलग तीन-चार वेळा खाल्ल्याची खात्री देता येत नसेल, तर ते पिल्लू अजून घर बदलण्याइतके मोठे झालेले नाही असे समजावे.

कात टाकण्यापूर्वीचा काळ हे नकाराचे सर्वांत साधे कारण आहे. डोळे दुधाळ निळसर दिसू लागतात, रंग फिका पडतो, बॉल पायथनच्या पोटाकडची त्वचा गुलाबी होते. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत कात उतरते. या अवधीत नीट दिसत नसल्याने पिल्लू अधिक घाबरट असते आणि त्याच्यासमोर भक्ष्य नाचवल्यास पुढच्या खेपेसाठीही भक्ष्याची धास्ती बसू शकते. कात पूर्ण उतरल्यावर एक-दोन दिवस थांबून दिलेले भक्ष्य मात्र बरीच पिल्ले आतुरतेने घेतात. त्यामुळे लहरी पिल्लाला द्यायची उत्तम वेळ निवडायची झाली तर मी हीच निवडेन.

नव्या घरी आल्यावर ५ ते ७ दिवस पिल्लाला हात न लावता, पाणी बदलण्यापलीकडे पेटी न उघडता राहू द्यावे आणि मगच पहिले भक्ष्य द्यावे. ‘प्रवासात उपाशी राहिले असेल’ या काळजीपोटी पहिल्याच संध्याकाळी भक्ष्य पुढे करणे हे नंतरच्या अनेक नकारांचे मूळ असते.

उपास काळजीचा आहे की नाही, हे वजनाच्या काट्यावर ठरते. दर आठवड्याला एकाच वारी, भक्ष्य देण्याच्या एक-दोन दिवस आधी, झाकणाच्या हलक्या डब्यात ठेवून पिल्लाचे वजन करावे आणि डब्याचे वजन वजा करावे. बॉल पायथनचे नवजात पिल्लू साधारण ५० ते ८० ग्रॅमचे असते, त्यामुळे त्याला एक ग्रॅमपर्यंत अचूक काटा पुरतो. कॉर्न स्नेकचे पिल्लू मात्र ५ ते ८ ग्रॅमचेच असल्याने ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा लागतो. विष्ठा टाकल्यावर वजन थोडे घटणारच, म्हणून वजनाशेजारी विष्ठा, कात आणि भक्ष्य यांची नोंद असावी. वजन जवळपास स्थिर असेल तर पालकाकडे वेळ आहे. मूळ वजनाच्या सुमारे १० टक्के घट झाली, पाठीचा कणा उठून दिसू लागला किंवा बाजूची कातडी सैल होऊन घड्या पडू लागल्या, तर वाट पाहण्याचा काळ संपला असे मानावे.

ऊब आणि आडोसा एकाच जागी हवेत

सापाचे शरीर स्वतः पुरेशी उष्णता निर्माण करत नाही, त्यामुळे पचनासाठी त्याला बाहेरची ऊब लागते आणि ती मिळत नसेल तर न खाणे हेच त्याच्या हिताचे असते. बॉल पायथनसाठी उबदार बाजूच्या तळाशी ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि थंड बाजूला २५ ते २७ अंश, तर कॉर्न स्नेकसाठी उबदार बाजूला २८ ते ३० आणि थंड बाजूला २२ ते २४ अंश तापमान असावे. पेटीच्या भिंतीवर चिकटवलेला गोल काट्याचा तापमापक हवेचे, तेही ढोबळ, तापमान दाखवतो. पिल्लाचे पोट जिथे टेकते तिथले तापमान प्रोबने (तारेच्या टोकाला संवेदक असलेल्या तापमापकाने) किंवा इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजावे. हीट मॅट, म्हणजे पेटीच्या तळाला ऊब देणारी विजेची चटई, थर्मोस्टॅटशिवाय (तापमान ठरावीक मर्यादेत ठेवणाऱ्या उपकरणाशिवाय) कधीही लावू नये, कारण तिच्यावरचा तळ भाजण्याइतका तापू शकतो आणि एकदा चटका बसलेले पिल्लू ती उबदार जागाच टाळते.

अनेक पेट्यांमध्ये दोन्ही तापमाने बरोबर असतात, तरी पिल्लू खात नाही. अशा वेळी लपण्याची जागा कुठे आहे ते पाहावे. उबदार बाजू मोकळी आणि लपण्याची एकमेव जागा थंड बाजूला, अशी मांडणी असेल तर पिल्लाला ऊब आणि सुरक्षितता यांतून एक निवडावी लागते. बुजरे पिल्लू नेहमी सुरक्षितता निवडते, थंड कोपऱ्यात दिवसचे दिवस वेटोळे घालून बसते आणि पोट पचनाइतके गरम नसल्याने त्याला खाण्याची इच्छाच होत नाही. पालकाला वाटते की याला थंड जागाच आवडते. यावरचा उपाय असा की अगदी सारख्या दोन लपणजागा ठेवाव्यात, एक उबदार बाजूला आणि एक थंड बाजूला, म्हणजे निवड फक्त तापमानाची उरते.

या जागा प्रशस्त नसाव्यात. पिल्लू वेटोळे घालून बसले असता त्याच्या पाठीला छत आणि दोन्ही अंगांना भिंती टेकतील इतक्याच त्या मोठ्या असाव्यात आणि प्रवेशाचे तोंड पिल्लाच्या सर्वांत जाड भागापेक्षा किंचितच मोठे असावे. चहूबाजूंनी आत येता येईल अशी लाकडाची अर्धगोल कमान दिसायला सुंदर असते, पण बुजऱ्या पिल्लाला ती आडोसा वाटत नाही. बॉल पायथन निसर्गात उंदीरवर्गीय प्राण्यांच्या बिळांत आणि वारुळांत आसरा घेतो, ते बीळ डोळ्यांसमोर ठेवून जागा निवडावी. कॉर्न स्नेक आणि हॉगनोज यांना अंग पुरून घेता येईल इतका, किमान ५ सेंटिमीटरचा, सैल थर तळाशी द्यावा.

दोन लपणजागांच्या मधला भागही तितकाच महत्त्वाचा आहे आणि त्याच्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. मधे उघडे मैदान असेल तर पिल्लू एका आडोशातून दुसऱ्याकडे जायला घाबरते. सुकी पाने, झाडाची साल, कृत्रिम वेली, चुरगाळलेला कागद, काहीही चालेल, पण पिल्लाला पेटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झाकलेल्या वाटेने जाता आले पाहिजे. लहान पिल्लाला लहानच पेटी हवी, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो उपयोगी पडतो, परंतु त्यामागचे कारण मोकळी जागा कमी होते हे आहे. भरपूर आडोसा असलेली मोठी पेटीही बुजऱ्या पिल्लाला चालते, मात्र भक्ष्य कुठे गेले हे शोधणे पालकाला तिथे कठीण जाते.

काचेच्या पेटीच्या तीन बाजू बाहेरून कागदाने झाकाव्यात. पेटी दार आपटणाऱ्या वाटेवर, ध्वनिवर्धकाशेजारी किंवा कपडे धुण्याच्या यंत्राजवळ ठेवू नये, कारण सापाला जमिनीतून येणारी कंपने जबड्याच्या हाडांतून जाणवतात. घरातील मांजर काचेसमोर बसून तासन्‌तास पाहत असेल तर बाकी सर्व नीट असूनही पिल्लू उपाशी राहील. बॉल पायथनसाठी आर्द्रता ५५ ते ६५ टक्के आणि कात येताना त्याहून जास्त, तर कॉर्न स्नेकसाठी ४० ते ६० टक्के पुरेशी असते.

पिल्लू किमान सलग तीन वेळा नियमित खात नाही तोवर वजन आणि सफाई यांखेरीज त्याला हातात घेऊ नये. हा नियम पाळणे पालकाला जड जाते, विशेषतः घरात मुले असतील तर, पण बुजऱ्या पिल्लाच्या बाबतीत याला दुसरा पर्याय नाही. खाल्ल्यानंतरही किमान ४८ तास त्याला हात लावू नये.

भक्ष्य कसे तयार करावे

भक्ष्याची जाडी पिल्लाच्या सर्वांत जाड भागाइतकी असावी. बॉल पायथनच्या बाबतीत वजनाच्या १० ते १५ टक्के हे मापही सोयीचे पडते. कॉर्न स्नेकच्या नवजात पिल्लाला एक-दोन दिवसांची पिंकी, म्हणजे अंगावर केस न आलेले उंदराचे पिल्लू, देतात. ते वजनाने या टक्केवारीच्या वर जाते, तरी मऊ असल्याने सहज पचते. पिल्लू घाबरत असेल तर नेहमीपेक्षा एक माप लहान भक्ष्य द्यावे. मोठे भक्ष्य समोर आल्यावर पिल्लू त्याला अन्न न समजता शत्रू समजते आणि मान आखडून फूत्कार टाकू लागते.

जिवंत भक्ष्याचा मोह टाळावा. डोळे उघडलेला, दात आलेला उंदीर कोपऱ्यात सापडला की चावतो, आणि सापाच्या पिल्लाला एकदा तसा चावा बसला तर ते पुढे उंदराच्या वासानेच पळते. गोठवलेले भक्ष्य रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, अन्नापासून वेगळ्या डब्यात, वितळू द्यावे. देण्यापूर्वी ते बंद प्लास्टिकच्या पिशवीत घालून सुमारे ४० अंशांच्या पाण्यात १५ ते २० मिनिटे ठेवावे आणि पोटाला बोट लावून आत थंड गाठ उरली नाही ना ते तपासावे. मायक्रोवेव्हमध्ये ते आतून शिजते किंवा फुटते, उकळत्या पाण्यात कातडी सुटते, आणि एकदा वितळलेले भक्ष्य पुन्हा गोठवणे धोक्याचे असते. भक्ष्य आणि साप दोन्ही हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण साल्मोनेला जिवाणूचा संसर्ग दोन्हींकडून होऊ शकतो.

यापुढे सापाची जात महत्त्वाची ठरते. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात आणि भक्ष्य कुठे आहे हे तो मोठ्या प्रमाणावर उबेवरून ताडतो. त्यामुळे कोमट झालेला उंदीर त्याला दगडासारखा वाटतो. त्याच्यासाठी भक्ष्याचे अंग ३८ ते ४० अंश गरम असावे, डोके थोडे अधिक गरम असले तर उत्तम, आणि केस पूर्ण कोरडे असावेत. ओल्या केसांचे भक्ष्य तो तोंडात घेऊन सोडून देतो असे पुष्कळदा दिसते. कॉर्न, किंग आणि हॉगनोज यांना असे खळगे नसतात. ते जिभेने गोळा केलेले वासाचे कण टाळूतील जेकबसन इंद्रियाकडे पोचवून भक्ष्य ओळखतात, म्हणून त्यांच्या बाबतीत तापमान अंगापुरते कोमट असले तरी चालते, वास मात्र बरोबर हवा.

समोर धरताना काय पाहावे

बॉल पायथन निशाचर आहे, त्याला दिवे मालवल्यानंतर तास-दीड तासाने भक्ष्य द्यावे. कॉर्न स्नेकला संध्याकाळचा अंधुक प्रकाश मानवतो. हॉगनोज दिवसा वावरणारा असल्याने त्याला सकाळी किंवा दुपारीही देता येते. बॉल पायथनची योग्य वेळ ओळखण्याची एक खूण आहे. भुकेले पिल्लू रात्री लपणजागेच्या तोंडाशी येते, नाक तेवढे बाहेर काढते आणि मान मागे इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी दुमडून, हनुवटी जमिनीला टेकवून तासन्‌तास थांबते. ही दबा धरण्याची बैठक दिसली की त्या रात्री प्रयत्न करावा. आत खोल, डोके वेटोळ्याखाली घालून बसलेल्या पिल्लाला उठवू नये.

भक्ष्य लांब चिमट्याने मानेमागे किंवा कमरेच्या भागात धरावे, म्हणजे त्याचे डोके मोकळे राहते. पेटीचे झाकण हळू उघडावे, हात वरून न आणता बाजूने, जमिनीलगत आणावा, कारण वरून येणारी सावली ही लहान सापासाठी पक्ष्याची असते. भक्ष्य पिल्लाच्या तोंडासमोर नेऊन डोलवू नये, तर थोडे अंतर ठेवून त्याच्यासमोरून आडवे, चाललेल्या उंदरासारखे, थांबत-थांबत न्यावे. मग स्थिर राहून जिभेकडे पाहावे. आवड निर्माण झालेले पिल्लू जीभ सावकाश, लांब बाहेर काढते, डोके भक्ष्याच्या दिशेने इंचाइंचाने सरकवते, भक्ष्य हलले की मान वळवून माग ठेवते आणि झडप घालण्यापूर्वी क्षणभर अगदी निश्चल होते. घाबरलेल्या पिल्लाची जीभ भराभर आत-बाहेर होते किंवा एकदम थांबते, मान मागे ओढली जाते, शेपटी थरथरते, हॉगनोज मान चपटी करून फूत्कारतो आणि बॉल पायथन डोके आत घेऊन गोळा होतो. दोन्ही अवस्थांत मान दुमडलेली असते, त्यामुळे नवखा माणूस फसतो. फरक डोक्याच्या हालचालीत आहे: भुकेले डोके पुढे झुकते, भ्यालेले मागे राहते.

भीतीची लक्षणे दिसताच भक्ष्य त्याच संथपणे मागे घ्यावे आणि झाकण लावावे. नाकाला भक्ष्य लावून चिडवण्याची पद्धत काही पिल्लांवर, विशेषतः किंग स्नेकच्या धीट पिल्लांवर चालते, कारण ती रागाने चावा घेतात आणि तोंडात चव आली की गिळू लागतात. बुजऱ्या पिल्लाला मात्र त्यातून भक्ष्य म्हणजे हल्ला एवढाच धडा मिळतो. झडप बसलीच, तर चिमटा अलगद सोडून पूर्ण निश्चल उभे राहावे. पिल्लू विळखा घालते, थांबते, पुन्हा चाचपते आणि डोके शोधते, आणि याच काही मिनिटांत दिवा लावणे, छायाचित्र घेणे किंवा कुणाला हाक मारणे यामुळे ते भक्ष्य टाकून लपते. भक्ष्याभोवतीचा विळखा घट्ट होऊनही गिळणे सुरू होत नसेल, तर चिमट्याने भक्ष्याची शेपटी अगदी हलकेच ओढल्यास विळखा पुन्हा आवळला जातो आणि पिल्लू पुढच्या पायरीकडे वळते.

ज्या पिल्लाला माणूस समोर असताना मुळीच खाता येत नाही, त्याच्यासाठी भक्ष्य ठेवून निघून जाणे हाच मार्ग योग्य. गरम केलेले भक्ष्य उबदार लपणजागेच्या तोंडाशी, डोके आतल्या बाजूला करून, एका सपाट झाकणावर ठेवावे, खोलीतला दिवा मालवावा आणि सकाळपर्यंत पेटीकडे फिरकू नये. सकाळी उरलेले भक्ष्य टाकून द्यावे. कॉर्न आणि किंग यांच्या अगदी लहान पिल्लांसाठी, हवेची बारीक भोके पाडलेल्या छोट्या झाकणबंद डब्यात कागदाच्या तुकड्यासह पिल्लू आणि पिंकी एकत्र ठेवून तो डबा रात्रभर पेटीतच, उबदार बाजूच्या कडेला ठेवतात. डबा थेट हीट मॅटच्या वर येणार नाही याची काळजी घ्यावी. बॉल पायथनला खाण्यासाठी वेगळ्या पेटीत हलवण्याची पद्धत मला पटत नाही, कारण उचलण्यातच त्याची भूक मरते.

नकारानंतर पुढचा प्रयत्न ५ ते ७ दिवसांनी करावा. रोज भक्ष्य दाखवल्याने पिल्लू लवकर खाईल ही कल्पना चुकीची आहे, त्यामुळे फक्त रोजचा ताण वाढतो. दोन प्रयत्नांच्या मध्ये एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. या खेपेला आडोसा वाढवला असेल, तर वेळ, भक्ष्य आणि तापमान तेच ठेवावे. असे केले तरच चौथ्या-पाचव्या खेपेला कोणता बदल उपयोगी पडला याचे उत्तर मिळते.

वासाच्या युक्त्या

आडोसा, ऊब, वेळ आणि देण्याची रीत या चारही बाबी जागेवर असताना नकार चालू राहिला तर भक्ष्याच्या वासाकडे वळावे. पहिली युक्ती सर्वांत सोपी आहे: पिंकी बिनवासाच्या सौम्य साबणाने धुऊन, भरपूर स्वच्छ पाण्याखाली धरून, पुसून द्यावी. प्रयोगशाळेत किंवा पिंजऱ्यात वाढलेल्या उंदराचा तीव्र वास काही पिल्लांना परका वाटतो आणि तो गेला की ती खातात.

दुसरी युक्ती जातीच्या नैसर्गिक आहारावर बेतलेली असते. कॉर्न स्नेकची पिल्ले निसर्गात लहान सरडे आणि वृक्षबेडूक खातात, म्हणून पाळीव सरड्याने टाकलेली कात पिंकीच्या नाकावर चिकटवली तर ती ओळखीची वाटते. वेस्टर्न हॉगनोजच्या निसर्गातील आहारात भेकांचा वाटा मोठा असतो. त्याच्या पिल्लांवर ट्यूना किंवा सामन माशाच्या डब्यातले, मीठ आणि तेल नसलेले पाणी चोळलेली पिंकी अनेकदा चालते. रानातले बेडूक किंवा सरडे चोळण्यासाठी वापरू नयेत, त्यांच्यासोबत परजीवी येतात. बॉल पायथनच्या बाबतीत उंदराऐवजी घुशीसारख्या मोठ्या जातीच्या पाळीव उंदराचे, म्हणजे रॅटचे, पिल्लू देणे किंवा त्याउलट करणे, आणि भक्ष्य देण्यापूर्वी अर्धा तास पेटीजवळ त्याचा वास दरवळू देणे पुरेसे ठरते.

तिसरी युक्ती पाहायला अप्रिय आहे, परंतु परिणामकारक आहे. वितळलेल्या पिंकीच्या कवटीला सुईने किंवा धारदार पात्याने छेद देऊन आतला द्रव नाकापर्यंत येऊ देतात, कारण त्या वासाने अनेक हट्टी पिल्ले तोंड उघडतात. कोणतीही युक्ती लागू पडली तर ती दोन-तीन खेपा तशीच ठेवावी आणि मग वास थोडा-थोडा कमी करत साध्या भक्ष्यावर यावे.

उलटी, आजार आणि जबरदस्ती

खाल्लेले भक्ष्य दोन-चार दिवसांत अर्धवट पचलेल्या अवस्थेत बाहेर आले तर तो नकारापेक्षा गंभीर प्रकार आहे. कारण बहुधा कमी तापमान, मोठे भक्ष्य किंवा खाल्ल्यानंतरची हाताळणी यांपैकी एक असते. अशा वेळी १० ते १४ दिवस काहीही न देता फक्त पाणी द्यावे, तापमान पुन्हा मोजावे आणि मग नेहमीच्या निम्म्या आकाराचे भक्ष्य द्यावे. उलटीनंतर लगेच भरपाई म्हणून दिलेले भक्ष्य पुन्हा बाहेर येते आणि पिल्लू झपाट्याने खालावते. दुसऱ्यांदा उलटी झाली तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे जावे आणि विष्ठेची तपासणी करून घ्यावी.

तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, श्वासासोबत घरघर, नाकपुडीत बुडबुडे, हिरड्यांवर सूज किंवा पिवळसर थर, खवल्यांच्या कडांना हलणारे काळे ठिपके म्हणजे गोचिडीसारखे सूक्ष्म परजीवी, पाण्याच्या भांड्यात सतत बसून राहणे, यांपैकी काहीही दिसले तर खाण्याचे प्रयत्न थांबवून पशुवैद्याला दाखवावे. तोंड दुखणाऱ्या पिल्लाला भूक असूनही खाता येत नाही आणि बाहेरून ते केवळ बुजरे वाटते.

तोंड उघडून भक्ष्य आत सरकवणे हा अगदी शेवटचा उपाय आहे आणि तो पहिल्यांदा अनुभवी हाताखालीच करावा. त्यातही सौम्य प्रकार असा की पिंकीचे नाक पिल्लाच्या ओठांच्या कडेला लावून तोंड किंचित उघडायचे, दात भक्ष्यात अडकले की पिल्लाला खाली ठेवून निश्चल राहायचे आणि गिळण्याचा निर्णय त्याच्यावर सोडायचा. वजन स्थिर असलेल्या पिल्लावर हा प्रयोग करण्याचे काहीही कारण नाही. केवळ पालकाची घालमेल थांबावी म्हणून तो केला जात असेल तर तो पिल्लावर अन्याय आहे.

खाणे सुरू झाल्यानंतर

पहिल्यांदा खाल्ल्यावर पालकाला हुरूप येतो आणि पुढच्याच आठवड्यात तो मोठे भक्ष्य देतो, पेटी बदलतो, पिल्लाला हातात घेतो. ‘एकदा खाते, मग नाकारते’ हे चक्र बहुतेक घरांत याच टप्प्यावर सुरू होते. जे करून पिल्लाने खाल्ले ते सर्व, वार, वेळ, चिमट्याची बाजू, भक्ष्याचे माप यांसह, पुढच्या सहा-सात खेपा तंतोतंत तसेच ठेवावे. कॉर्न स्नेकच्या पिल्लाला ५ ते ७ दिवसांनी आणि बॉल पायथनच्या पिल्लाला साधारण ७ दिवसांनी द्यावे. पोटावरचा फुगवटा पूर्ण उतरला नसेल तर एक-दोन दिवस पुढे ढकलावे.

त्यानंतर बदल करायचा तो मापापासून सुरू करावा. भक्ष्य गिळल्यावर पिल्लाच्या पोटावर फुगवटा दिसेनासा झाला की पुढचे माप घ्यावे, आणि नव्या मापाचे पहिले भक्ष्य कात टाकल्यानंतरच्या खेपेला द्यावे, कारण त्या वेळी भूक सर्वांत जास्त असते. नवे माप नाकारले तर पुढच्या आठवड्यात जुन्या मापावर परत यावे. हाताळणी त्यानंतर सुरू करावी, सुरुवातीला पाच मिनिटे, खाण्याच्या आदल्या दिवशी आणि खाल्ल्यानंतर ४८ तास मुळीच नाही. पेटी बदलायची असेल तर जुन्या पेटीतल्या लपणजागा आणि तळाचा थोडा थर, न धुता, नव्या पेटीत न्यावा, म्हणजे पिल्लाला स्वतःचा वास तिथे मिळतो आणि एखादी खेप चुकली तरी दुसऱ्या खेपेला ते खाण्यावर येते.